जास्वंदीच्या कळ्या का गळतात, शेंडे का आखडतात?

भोकर तालुक्यात बऱ्याच घरांसमोर लाल जास्वंद दिसते. गणपतीला रोज एक तरी फूल लागतं. पण काही झाडं वर्षानुवर्षं नुसती पिवळी पानं टाकत उभी असतात. असं का होतं?

याचं बरंचसं उत्तर शेतात आहे. जास्वंद, कपाशी, भेंडी आणि आपली अंबाडी ही सगळी एकाच कुळातली. त्यामुळे कपाशीवरची कीड अंगणात यायला वेळ लागत नाही. शेंडे आखडलेत, पेरांवर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतोय आणि मुंग्यांची रांग लागली आहे, तर तो पिठ्या ढेकूण समजा. त्याची एक अमेरिकी जात 2006 नंतर काही वर्षं देशभरच्या कपाशीवर पसरली होती. जळणासाठी घरामागे रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांतही तो तग धरतो, म्हणून जास्वंदीजवळ पऱ्हाट्या रचू नका.

आखडलेला शेंडा कापून पिशवीत घाला आणि जाळून टाका. उकिरड्यावर फेकू नका. उरलेल्या किडीवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून गाळा, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा आणि आठवड्याने पुन्हा करा. मुंग्या हटवणंही तितकंच गरजेचं, कारण चिकट गोड रसासाठी त्या या किडीची राखण करतात. तपकिरी, कडक झालेले ढेकूण दिसले तर मात्र फवारणी थांबवा. एका बारीक गांधीलमाशीने त्यांच्या पोटात अंडी घातलेली असतात. तुमचं काम तीच करते आहे.

घरात कपाशीचं औषध उरलेलं असतं आणि तेच मारायचा मोह होतो. तो टाळा. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. अंगणात तर मुलं खेळतात, आणि तेच फूल हातात घेऊन आपण देवघरात जातो.

आता पिवळ्या पानांकडे वळू. कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते घेता येत नाही. जुनी पानं पिवळी पडून गळत असतील तर बहुधा मुळाशी पाणी साचलंय. लावतानाच दोन फूट खड्डा घेऊन मातीत मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळलं, आळं जमिनीपेक्षा जरा उंच ठेवलं, तर दोन्ही त्रास कमी होतात.

कळ्या गळण्याचं मोठं कारण पाण्याची अनियमितता. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीपार जातो. तेव्हा चार दिवस कोरडं ठेवून एकदम बादली ओतली की कळ्या खाली येतात. त्यापेक्षा सकाळी थोडं पाणी, बुंध्याशी पालापाचोळा आणि दुपारची सावली द्या.

नवं झाड हवं असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब फांदी खालची पानं काढून लावा. जास्वंद नव्या फुटीवरच फुलते. त्यामुळे उन्हाळा संपता संपता जुन्या फांद्या तिसऱ्या हिश्श्याने छाटायला कचरू नका. छाटलेल्या झाडाला श्रावणात फुलं येऊ लागतात.