मोक्षपट ते सापशिडी : घरांची नावे कुठे गेली?



आपल्या घरात सापशिडीचा एक पुठ्ठा असेलच. एका बाजूला सापशिडी, उलट्या बाजूला ल्युडो, कडेची घडी उसवलेली. तो समोर घ्या आणि शंभराच्या अलीकडच्या एखाद्या सापावर बोट ठेवा. हा साप याच घरात का आहे? या प्रश्नाला पुठ्ठ्यावर उत्तर नाही. छापणाऱ्याने तिथे काढला, एवढेच. जुन्या पटावर मात्र उत्तर लिहिलेले असे, कारण तिथे प्रत्येक घराला आकड्याबरोबर नाव होते. मूळ पट आणि सुधारून छापलेला पट यांत अनेक फरक आहेत, पण बाकीचे बहुतेक या एका फरकातून निघतात.

आपल्याकडे या खेळाला मोक्षपट म्हणत आणि परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. आज पाहायला मिळणारे जुने पट त्यांच्यानंतर कित्येक शतकांचे आहेत. उत्तरेकडे याच खेळाला ज्ञान चौपड म्हणतात. फासे म्हणून कवड्या टाकत. घरे किती असावीत, याचा एकच नियम नव्हता. वैष्णवांचा एक पट ७२ घरांचा, जैनांचा साधारणपणे ८४ घरांचा, तर सूफी परंपरेतला १०१ घरांचा आहे. प्रत्येकाने आपल्या तत्त्वज्ञानाप्रमाणे घरे मांडली. सर्वांसाठी शंभर हा आकडा नंतर आला.

७२ घरांचा पट थोडा वाचून पाहू. चोपन्नावे घर भक्तीचे. तिथून शिडी थेट अडुसष्टाव्या घरात, म्हणजे वैकुंठात जाते. पंचावन्नावे घर अहंकाराचे. तिथला साप पार खाली नेऊन टाकतो. दोन्ही घरे शेजारी शेजारी आहेत, मध्ये एका कवडीचे अंतर. भक्ती करणाऱ्याला भक्तीचाच अभिमान चढतो, हे कीर्तनकार तासभर समजावतो; पटाने ते दोन घरांत सांगितले. तसेच अठ्ठाविसावे घर सुधर्माचे आणि एकोणतिसावे अधर्माचे. पहिल्यावर शिडी, दुसऱ्यावर साप.

याहून मोठी गोष्ट शेवटाची. या पटावर जिंकायचे घर बहात्तरावे नाही, अडुसष्टावे आहे. ते चुकून पुढे गेलात, तर वाटेत सत्त्व, रज, तम हे तीन गुण लागतात आणि बहात्तराव्या घरातला तमोगुणाचा साप पुन्हा पृथ्वीवर आणून सोडतो. म्हणजे सर्वांत वरचा आकडा गाठणे हे ध्येयच नव्हे. आपल्या पुठ्ठ्यावर मात्र शंभर म्हणजे विजय. नावे पुसली तेव्हा ध्येयही बदलले.

जैन पटाविषयी थोडे अधिक सांगतो. तो पर्युषणाच्या दिवसांत खेळला जाई. ८४ हा आकडा पाहिला की चौऱ्याऐंशी लक्ष योनी आठवतात. तळाशी नरक, वर देवलोक आणि माथ्यावर सिद्धशिला. शिखराजवळ पोहोचलेला खेळाडू घसरला, तर मुलांना तो अन्याय वाटतो. जैन शास्त्रात त्याला आधार आहे. आत्म्याच्या प्रगतीच्या चौदा पायऱ्या, म्हणजे गुणस्थाने, मानली आहेत. अकरावी पायरी उपशांतमोहाची. तिथे मोह नष्ट झालेला नसतो, नुसता दबलेला असतो. म्हणून तिथे पोहोचलेला टिकत नाही, खाली येतो. ज्याने मोहाचा क्षय केला, तो दहावीवरून अकरावीला न शिवता थेट बारावीवर जातो. दबलेला आजार वेगळा आणि गेलेला आजार वेगळा, हे होमिओपॅथीत आम्ही पहिल्या वर्षापासून ऐकतो. त्यामुळे ही पायरी मला लवकर समजली.

आता दुसरी छपाई पाहू. १८३१ साली मेजर हेन्री डंडास रॉबर्टसन यांनी असा एक पट लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला दिला. त्याला 'शास्त्र्यांचा स्वर्ग-नरकाचा खेळ' अशा अर्थाचे नाव होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हा खेळ मुलांसाठी छापला जाऊ लागला. सुरुवातीच्या इंग्रजी पटांवर गुणदोष होते, पण ते त्या समाजाचे. काटकसर, पश्चात्ताप आणि उद्योग यांच्या शिड्या कृतार्थता, कृपा आणि यश यांच्याकडे जात. चैन, आज्ञाभंग आणि आळस यांचे साप आजार, बदनामी आणि गरिबी यांत उतरवत. मोक्षाच्या जागी यश आले. जुन्या पटांवर शिड्यांपेक्षा साप जास्त असत. इंग्रजांनी दोन्ही सारखे केले. पुढे नावे गळाली आणि आकडे उरले. १९४३ साली अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापही काढून टाकले आणि त्यांच्या जागी बागेतल्या घसरगुंड्या आणल्या.

इथे 'जुने ते सोने' म्हणून थांबणे सोपे आहे, पण मी थांबणार नाही. चैनीच्या सापाखाली 'आजार' लिहिलेला पट मला दवाखान्यात टांगवणार नाही. "डॉक्टर, मी असे काय पाप केले?" हा प्रश्न मी चाळीस वर्षे ऐकतो आहे. आजार म्हणजे शिक्षा, असे रुग्णाला वाटू लागले की औषधाआधीच तो खचतो. त्या दृष्टीने कोऱ्या आकड्यांत एक दया आहे. घसरलात, तर नुसते घसरलात. कोणी बोट दाखवणार नाही.

तरीही मूळ पट एक गोष्ट जाणत होता आणि सुधारित पटाला ती उरली नाही. कवड्या कोणाच्याच हातात नसतात. आज साप तुम्हाला गिळेल, पुढच्या डावात मला. म्हणून घसरलेल्याला हसायचे नाही आणि पट सोडून उठायचेही नाही. नावे असतात ती शेजाऱ्याचे माप काढण्यासाठी नाहीत. आपण कोणत्या घरात बसलो आहोत, हे ओळखण्यासाठी आहेत.

बरकतपुऱ्यात राहणाऱ्याला यासाठी संग्रहालय गाठण्याची गरज नाही. तेलुगू शेजाऱ्यांना 'वैकुंठपाळी' विचारा. घरांना नावे असलेला तोच खेळ त्यांच्याकडे छापील कागदावर आजही मिळतो. आपल्या जुन्या घरांतही एखादा मोक्षपट ट्रंकेच्या तळाशी, लग्नपत्रिकांच्या खाली असू शकेल. सापडला तर उन्हात वाळवू नका, चिकटपट्टी लावू नका. सपाट ठेवून त्याचा फोटो काढा आणि घरांची नावे वहीत उतरवून घ्या. कागदाआधी शाई जाते.

आणि पट नसेल, तर सुट्टीत नातवंडांना घेऊन बसा. पुठ्ठ्यावरच्या प्रत्येक सापाला आणि शिडीला त्यांनाच नाव ठेवू द्या. कोणता साप कशाचा, यावर घरात वाद होईल. तो होऊ द्या. मूळ खेळ तोच होता.