कोरडवाहू कपाशी : हाती एकच पाणी असेल तर ते कधी द्यावे?

विदर्भ-मराठवाड्यातील कपाशी मुख्यतः पावसाच्या भरवशावर आहे. पूर्ण हंगामात या पिकाला साधारण ७०० ते १२०० मि.मी. पाणी लागते. बऱ्याच वर्षी पावसाची बेरीज फार वाईट नसते, पण तो पडतो चुकीच्या वेळी. जुलैमध्ये शेतात पाणी साचते आणि पीक ऐन फुलोऱ्यात असताना ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये दोन-तीन आठवड्यांची उघडीप पडते. ऑक्टोबरमध्ये पाऊस परततो, तेव्हा बोंडे भरायची बाकीच असतात. या खंडात विहीर, शेततळे किंवा नाल्यातून दिलेले एखाद-दुसरे पाणी म्हणजे संरक्षित ओलीत.

पेरणीनंतर साधारण ३५ ते ४५ दिवसांनी पाते लागतात. पात्यापासून फूल उमलायला तीन आठवडे आणि फुलापासून बोंड फुटायला ४५ ते ६० दिवस लागतात. पाते लागण्यापूर्वी थोडा ताण पडला तर फारसे बिघडत नाही, उलट मुळे खोल जातात. त्या काळात विनाकारण पाणी दिले तर झाड नुसते पालेदार वाढते, खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि पाते गळतात. फुलोऱ्यात मात्र ताण पडला की झाड आधी पाते आणि कोवळी बोंडे टाकून देते. साधारण दहा-बारा दिवसांच्या पुढचे बोंड सहसा गळत नाही, पण लहान राहते.

त्यातही वेळेचा फरक आहे. फूल मिटल्यानंतर पहिले तीन आठवडे धाग्याची लांबी वाढते, त्यानंतर धागा आतून भरत जातो. पहिल्या टप्प्यात पाणी कमी पडले तर धागा आखूड होतो, दुसऱ्यात पडले तर बोंडाचे वजन आणि धाग्याची पक्वता कमी होते. म्हणून एकच पाणी असेल तर ते पेरणीनंतर ७० ते १०० दिवसांच्या दरम्यान, भर फुलोऱ्यात आणि बोंडे धरताना पडलेल्या खंडासाठी राखून ठेवावे. दोन पाणी असतील तर दुसरे त्यानंतर अंदाजे तीन आठवड्यांनी, बोंडे भरताना द्यावे.

एका पाण्याने किती फरक पडतो, याचा हिशेब घरी मांडता येतो. चार फूट बाय दीड फूट लागवडीत एकरी सुमारे ७,२६० झाडे बसतात. गळून जाणारी पाच बोंडे प्रत्येक झाडावर टिकली आणि बोंडाचे वजन ४ ग्रॅम धरले, तर एकरी जवळपास दीड क्विंटल कापूस वाढतो. हा केवळ हिशेब आहे, हमी नव्हे. झाडे विरळ असतील किंवा बोंडअळी लागली असेल तर तो चुकणारच.

ताण कसा ओळखावा?

दुपारी पाने मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा टवटवीत झाली तर पाण्याची वेळ जवळ आली आहे. सकाळीही पाने मलूलच असतील तर उशीर झाला. त्याहून चांगली खूण पांढऱ्या फुलाची. फांदीवरील खोडालगतचे सर्वांत वरचे पांढरे फूल शेंड्यापासून किती पेरांवर आहे ते दहा-बारा झाडांवर मोजावे. फूल भरभर शेंड्याकडे सरकत असेल आणि वर पाचच पेरे उरली असतील, तर वाढ थांबत आली असे समजावे. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच असे दिसले तर पाण्याची वाट पाहू नये.

काळ्या जमिनीत रुंद भेगा पडेपर्यंत थांबणे महागात पडते, कारण बरेचसे पाणी भेगांतूनच खाली जाते. खंड लांबतोय असे दिसताच डवरणी करून भेगा बुजवाव्यात. शेवटच्या डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून सऱ्या पाडल्या तर एकाआड एक सरीतून पाणी देता येते. त्यात तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी वाचते. जोराचा पाऊस आला तर याच सऱ्या पाणी बाहेर काढतात.

पाणी किती एकरांना पुरेल?

५ सें.मी. पाणी म्हणजे एकरी सुमारे २ लाख लिटर. एकाआड एक सरीने सव्वा लाख धरावे. ३० × ३० × ३ मीटरचे, एकास एक उताराचे शेततळे पूर्ण भरले तर सुमारे २२ लाख लिटर मावते. अस्तर नसेल तर पाझर आणि बाष्पीभवन जाऊन निम्मेच हाती लागेल असे समजून नियोजन करावे, म्हणजे एका पाण्याला आठ-नऊ एकर. मोटारीचा उपसा मोजायला २०० लिटरचा ड्रम पुरतो. तो २० सेकंदांत भरला तर तासाला ३६ हजार लिटर, म्हणजे एकरी साडेतीन तास. वीज किती तास मिळते ते यात आधीच धरावे.

आठ एकरांना एकदा की चार एकरांना दोनदा? भारी जमिनीत सगळ्यांना एकदा द्यावे, कारण पहिल्या पाण्याचा फायदा दुसऱ्यापेक्षा जास्त असतो. हलक्या, मुरमाड जमिनीत एक पाणी आठ-दहा दिवसही टिकत नाही. तिथे कमी क्षेत्र निवडून दोन हलकी पाणी द्यावीत. तुषार संच लावायचा असेल तर सायंकाळनंतर चालवावा. सकाळी उमललेल्या फुलातील परागकण भिजले तर बोंड धरत नाही.

मोठ्या खंडानंतर भर उन्हात एकदम भरपूर पाणी दिले तर काही झाडे अचानक सुकतात. ही आकस्मिक मर. त्यामुळे पहिले पाणी हलकेच द्यावे आणि साचलेले लगेच काढून टाकावे.

झाडावरील एक तृतीयांश बोंडे फुटली की पाणी बंद करावे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धातील फुलांची बोंडे थंडीत डिसेंबरपर्यंत पोसतात, आणि तोवर गुलाबी बोंडअळी त्यांतच वाढते. विहिरीत पाणी शिल्लक असले तरी ते फरदडीला न देता हरभऱ्याला द्यावे.