एका घरात दोन बिऱ्हाडे



कामगार संघटनेच्या माणसाने संगणकावर बोलायला उभे राहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु आज संघटनेचे दप्तर संगणकातच असते. सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब, पगारपत्रकांची छायाचित्रे, न्यायालयातले अर्ज, सगळे तेथेच. ग्रॅच्युइटीसाठी भांडताना कामगाराने किती वर्षे नोकरी केली हे दाखवावे लागते. ते दाखवणारा कागदच गेला, तर हक्क खरा असूनही माणूस हात हलवीत परत येतो. तुमच्या संगणकात शेतीचे कागद असतील, मुलांची प्रमाणपत्रे असतील, गेलेल्या माणसांचे फोटो असतील. म्हणून हा विषय केवळ तज्ज्ञांचा नाही.

तो आज उपस्थित होण्याचे कारण असे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीला मिळणारी सर्वसाधारण मदत थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व त्या मानाने नवा प्रोसेसर लागतो. तेवढ्यामुळे उत्तम चालणारा जुना संगणक अपात्र ठरतो. नवा घेण्याची ऐपत नसलेल्याला लिनक्सची वाट मोकळी आहे. लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला. उबंटू, मिंट ही तिची रूपे विनामूल्य मिळतात. पण हिशेबाचे जुने प्रोग्राम विंडोजवरच चालतात, म्हणून पुष्कळ लोक विंडोज न काढता शेजारी लिनक्स बसवतात. नेटवरचे काम नव्या प्रणालीत, जुना हिशेब जुन्या प्रणालीत. चाळीतल्या एका खोलीत मध्ये भिंत घालून दोन बिऱ्हाडे नांदवावीत, तसा हा प्रकार आहे. बिऱ्हाडे सुखाने नांदतात. सामानाची नासधूस होते ती भिंत घालताना.

ती कशी होते? डिस्कच्या आरंभी एक छोटे कोष्टक असते. कोणता विभाग कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, एवढेच त्यात लिहिलेले असते. या विभागाला पार्टिशन म्हणतात. जुन्या पद्धतीत हे कोष्टक डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या कप्प्यात बसे आणि त्यात चारच मुख्य विभागांची नोंद होई. नव्या जीपीटी पद्धतीत नोंदी पुष्कळ मावतात, शिवाय कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस ठेवलेली असते. हे कोष्टक म्हणजे तलाठ्याचे दप्तर. नोंद खोडली म्हणून जमीन नाहीशी होत नाही. पण पडीक समजून तिच्यावर दुसऱ्याने नांगर घातला की उभे पीक गेले. डिस्कवरही नोंद पुसली गेल्यावर मजकूर काही काळ जागच्या जागी असतो. त्यावर नवे लिहिले गेले की तो परत येत नाही. एसएसडी डिस्कमध्ये तर पुसलेली जागा लवकरच आतून साफ केली जाते, त्यामुळे तेथे आशा फारच थोडी.

आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. एका संघटनेच्या कचेरीत दुरुस्तीवाल्याने घाईत ‘सर्व डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय निवडला. वर्गणीचे अनेक वर्षांचे खाते गेले. छापील पावतीपुस्तके माळ्यावर होती, म्हणून ते पुन्हा लिहिता आले. पगारपत्रकांची छायाचित्रे मात्र दुसरीकडे कोठेच नव्हती.

यावरून पहिला नियम निघतो: आधी प्रत, मग भिंत. ‘डी ड्राइव्हमध्ये ठेवले आहे’ असे पुष्कळजण समाधानाने सांगतात. बहुतेक घरी सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन विभाग असतात. डिस्क पुसली की दोन्ही गेले. प्रत वेगळ्या बाह्य डिस्कवर हवी, आणि शक्य तर आणखी एक दुसऱ्या इमारतीत किंवा नेटवरच्या साठ्यात. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याखेरीज प्रत झाली असे मानू नये. आपल्या मराठी माणसांसाठी एक खास सूचना आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तो फाँट नसला की अगम्य खुणांसारखा दिसतो. तेव्हा फाँटही जपा, आणि महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ करून ठेवा.

दुसरी गोष्ट कुलपाची. अनेक संगणकांत बिटलॉकर हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते. सुरू होण्याच्या व्यवस्थेत बदल झाला की ते ४८ अंकी किल्ली मागते. ती नसेल तर मजकूर जागेवर असूनही कायमचा बंद. ही किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. ती आधीच कागदावर उतरवून घ्यावी आणि काम चालू असेपर्यंत कुलूप स्थगित करावे.

तिसरी गोष्ट विंडोजच्या अर्धवट झोपेची. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज आपला काही पसारा डिस्कवर मांडलेला ठेवते. तशा अवस्थेत लिनक्सने त्या विभागात काही लिहिले तर नोंदी बिघडू शकतात. म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करावी.

मग जागा मोकळी करायची. हे काम विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून करावे, आपल्या घरातल्या वस्तू कोठे आहेत ते घरच्यालाच ठाऊक. विभाग आकसून घ्यावा आणि सुटलेली जागा तशीच रिकामी सोडावी. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा, टेबलावरच्या संगणकाला यूपीएस असावा. विभाग सरकवताना वीज गेली, तर काय उरेल याची खात्री देता येत नाही.

लिनक्स ज्या पेनड्राइव्हवर चढवाल तोही पुसला जातो, हे विसरू नका. बसवण्याआधी त्याच पेनड्राइव्हवरून ती चालवून पाहावी. वायफाय, छपाई, मराठी टंकलेखन तपासावे. बसवायला घेताना प्रतीची बाह्य डिस्क काढून कपाटात ठेवावी, म्हणजे चुकूनही तिच्यावर घाव पडणार नाही. पडद्यावर सी, डी ही नावे दिसत नाहीत, ‘एसडीए’सारखी परकी नावे दिसतात, तेव्हा डिस्क आकारावरून ओळखावी. ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ हा पर्याय निवडावा, किंवा मोकळी सोडलेली जागा स्वतः दाखवावी. ईएफआय नावाचा छोटा विभाग दोन्ही बिऱ्हाडांचा समाईक दरवाजा आहे. तो कधीही फॉरमॅट करू नये. शेवटच्या होकारापूर्वी कोणते विभाग बदलणार याची यादी येते. करारावर सही करण्यापूर्वी आपण जसे प्रत्येक कलम वाचतो, तशी ती वाचावी. शंका आली तर मागे फिरावे. तोवर काहीही बिघडलेले नसते.

एवढे करूनही विपरीत घडले, तर घाबरून पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नयेत. संगणक बंद करावा. टेस्टडिस्क नावाचा विनामूल्य प्रोग्राम हरवलेल्या विभागांच्या नोंदी शोधून देतो. पण तो वेगळ्या पेनड्राइव्हवरून चालवावा, आणि सापडलेला मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा.

या सगळ्याला एक रविवार लागतो. दुसरे बिऱ्हाड ज्याला नको असेल त्याने ते खुशाल करू नये, पण प्रतीचे काम त्यालाही चुकत नाही. जुनी डिस्क कोणाच्याही चुकीवाचून एक दिवस आपणहून बंद पडते. ज्या कागदावर कोणाची भाकरी अवलंबून आहे, तो एकाच ठिकाणी ठेवणे आम्हांला परवडत नाही. तुम्हांलाही परवडू नये.