शिडाच्या नौकेवरचं चार्ट टेबल: पडद्यावर दिसतं ते आणि दिसत नाही ते

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. आहे तो १६४६ मीटरचा कळसूबाई आणि नेवासा-शेवगावकडे पसरलेलं नाथसागराचं पाणी. पण दर्यावर्दी होण्यासाठी किनाऱ्यावरच घर लागतं, असं कोणी म्हणालं तर विंचुर्णीचं नाव सांगावं. भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास घेतलेले व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहिले ते फलटणजवळच्या त्या गावात. गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला जगाला वळसा घालून परतले.

अशा नौकेच्या पोटात, पायऱ्या उतरल्या की बहुधा लगेच, एक लहानसं मेज असतं: चार्ट टेबल. नकाशे, रेडिओ, पडदे, बटणांची पाटी, सगळं तिथेच. या टेबलाबद्दल ऐकू येणाऱ्या समजुतींतला बराचसा भाग चुकीचा आहे.

‘जीपीएस आहे, मग होकायंत्र कशाला?’ जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगतो आणि नौका कुठे सरकते आहे तेही. तिचं नाक कुठे आहे ते एकटा अँटेना सांगत नाही. वारा आणि प्रवाह नौकेला आडवं ढकलतात, त्यामुळे नाकाची दिशा आणि प्रत्यक्ष वाट यांत फरक पडतो. वारा पडून नौका जवळजवळ थांबली, की जीपीएसची दिशा भिरभिरू लागते.

होकायंत्रावरून आणखी एक गोष्ट. तांबं चुंबकाला चिकटत नाही, म्हणून तार कुठूनही न्यावी, असं घरगुती वायरिंग करणाऱ्याला वाटू शकतं. पण तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतंच. दिवा लावला की होकायंत्राची सुई सरकते आणि माणूस दोष सुईला देतो! होकायंत्राजवळच्या, वीज येण्याच्या आणि जाण्याच्या तारा एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या, म्हणजे दोन्हींचा परिणाम जवळजवळ कटतो. स्पीकरमध्ये तर चुंबकच असतो. रेडिओ होकायंत्राला खेटून बसवू नये.

‘पडद्यावरचा नकाशा कागदापेक्षा अचूक.’ दोन्हींच्या मुळाशी बऱ्याचदा एकच सर्वेक्षण असतं, कधी फार जुनं. पडद्याची खरी अडचण वेगळी: नकाशा लहान केला की त्यावरचे बारकावे गळतात. २९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्वो ओशन रेस या शिडाच्या नौकांच्या शर्यतीतली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही नौका मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराहोसच्या प्रवाळखडकांवर आदळली. खलाशी कसलेले, यंत्रं उत्तम. पण पुरेसा मोठा करून न पाहिलेल्या नकाशावर तो खडक धोका म्हणून दिसलाच नव्हता.

‘एआयएसवर सगळी जहाजं दिसतात.’ एआयएस म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा रेडिओवरून प्रसारित करणारा संच. ज्यांचा तो चालू आहे, तीच दिसतात. आंतरराष्ट्रीय नियमाने तो आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या ३०० टनांहून मोठ्या जहाजांना आणि प्रवासी जहाजांना सक्तीचा आहे. रात्री समोर आलेली लहान होडी पडद्यावर नसेलही. तिथे रडार आणि डोळे.

‘जास्त वॉट, जास्त पल्ला.’ व्हीएचएफ रेडिओ साधारण नजरेच्या रेषेत चालतो, म्हणून पल्ला ठरवते ती उंची. २५ वॉटच्या संचाचा अँटेना डोलकाठीच्या टोकाला, २० मीटरवर असला, तर त्याचं क्षितिज सुमारे १० सागरी मैलांवर. समोरच्याचाही तेवढाच उंच असेल तर वीसेक मैल बोलणं होतं. तोच अँटेना कळसूबाईवर आहे असं धरा: नुसत्या भूमितीनेच क्षितिज १४५ किलोमीटरवर जातं, आणि अरबी समुद्र त्याच्या आत येतो. पाण्याशी नातं नसलेला आपला डोंगर इथे डोलकाठीचं गणित समजावतो, याची मला गंमत वाटते.

पैसे पडद्यावर खर्च होतात आणि काटकसर बॅटरीवर. समजा पडदे, रडार, रेडिओ आणि ऑटोपायलट मिळून सरासरी ८ अँपिअर खेचतात. चोवीस तासांत १९२ अँपिअर-तास झाले. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे चारशेची तरी सोय हवी, शिवाय ती रोज भरण्याची. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळीच ठेवावी. तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या घ्याव्यात. खारट हवेत उघडं तांबं हिरवं पडतं.

संकटसूचक बीकनचं बटण दाबलं की काम झालं, असंही मानतात. ४०६ मेगाहर्ट्‌झचा संदेश उपग्रहामार्फत नियंत्रण केंद्राकडे जातो. भारताचं केंद्र बंगळुरूत आहे. पण बीकनची नोंदणी केलेली नसेल, तर कोणाची नौका, घरी कोणाला विचारायचं, हे शोधण्यात वेळ जातो. २१ सप्टेंबर २०१८ ला एकट्याने जगाला वळसा घालायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमींच्या ‘थुरिया’ नौकेची डोलकाठी वादळात मोडली आणि त्यांची पाठ जायबंदी झाली. या शर्यतीत जीपीएसवर वाट काढायची नसते. सूर्य-ताऱ्यांची उंची मोजणारा सेक्स्टंट आणि कागदी नकाशा वापरायचा. संकटाच्या वेळी मात्र बीकन आणि उपग्रहावरून मजकूर पाठवणारं यंत्र हाताशी होतं. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच नौकेने त्यांना उचललं. २९ एप्रिल २०२३ ला त्याच शर्यतीच्या पुढच्या फेरीत, पुन्हा सेक्स्टंटवर वाट काढत, टॉमी दुसरे आले.