दुपारच्या डावातला तिसरा भिडू

उन्हाळ्याच्या सुटीत मुलांच्या हातातला मोबाइल कमी कसा करावा, हे सांगणारे लेख एप्रिल लागला की येऊ लागतात. चित्रकला, कागदकाम, कुंडीत मेथी पेरणे, गोष्टींची पुस्तके, संस्कार शिबिर अशी यादी ठरलेली असते आणि तिच्यात वाईट काहीच नसते. फक्त एक प्रश्न त्या यादीत नसतो. हे सगळे करवून घ्यायला दुपारी दोन वाजता घरात कोण असणार आहे?

प्रस्तुत लेख त्या एका प्रश्नाभोवती आहे आणि त्यासाठी पनवेल हे गाव सोयीचे आहे. इथे दोन काळ एकमेकांना खेटून उभे आहेत. एका बाजूला १८५२ साली नगरपालिका मिळालेले जुने पनवेल : लाइन आळी, टपाल नाका, कोळीवाडा, वडाळे आणि कृष्णाळे तळ्यांच्या काठची घरे. दुसऱ्या बाजूला सिडकोने आखलेली नवी वसाहत : नवीन पनवेल, खांदा कॉलनी, पुढे कामोठे आणि कळंबोली. १९९८ मध्ये हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत आली, २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. जुन्या गावातला माणूस कामाला चालत जात असे. नव्या वसाहतीतला माणूस सकाळची लोकल धरतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत सुमारे ऐंशी मिनिटे, तेवढीच परतीची. आई-बाप दोघेही मुंबईला नोकरी करत असतील तर सकाळी आठ ते रात्री आठ घर मुलांचे, किंवा मुलांचे आणि आजीचे.

त्यात पनवेलचा उन्हाळा. तापमापीवरचा आकडा विदर्भाच्या मानाने किरकोळ, पण खाडीकडून येणारी दमट हवा अंगाला चिकटते. सकाळी दहानंतर मूल बाहेर काढणे अवघड आणि संध्याकाळी पाचपर्यंत तेच. म्हणजे रोजचे सात तास चार भिंतींच्या आत. मोबाइलचे खरे राज्य या सात तासांत असते.

हे सात तास पूर्वीही होतेच. ते कसे जात, याचे उत्तर ‘आम्ही खूप खेळायचो’ असे दिले जाते, पण ते अर्धे आहे. घरात काम असे आणि त्या कामात मुलाला जागा असे, हा उरलेला अर्धा भाग. रायगडात या कामाला आगोटीची बेगमी म्हणतात. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. त्याआधी चार महिन्यांचे सामान घरात भरायचे. कोळी आणि आगरी घरांत सुकी मासळी आणि मसाल्याच्या मिरच्या, इतरत्र पोह्याचे पापड, फेण्या, मिरगुंडे, साबुदाण्याच्या चिकवड्या, आमसुले, आंब्याफणसाची साठे. गव्हाच्या कुरडया करणाऱ्या घरी तीन दिवस गहू भिजत ठेवायचा, रोज पाणी बदलायचे, मग वाटून चीक काढायचा. या कामांत मुलांचे हुद्दे ठरलेले होते. पापडावर कावळे येऊ न देणे हे सर्वांत धाकट्याचे काम, कारण त्याला काठी आणि सावली एवढेच लागते. वाळलेली बाजू उलटवणे हे जरा मोठ्याचे. मजुरी रोख : पापडाच्या लाट्या, गरम चिकाची वाटी.

कडव्या वालाच्या डाळिंब्या सोलणे हे तर खास या मुलखाचे काम. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबायचा की साल सुटते. बिरडे खायला पाच मिनिटे, सोलायला तास. त्या तासात मांडीवर ताट घेऊन बसलेली आजी बोलत राहते, कारण हात गुंतलेले आणि तोंड मोकळे. मुलांच्या कानावर भाषा पडायची ती अशी, कुणी मुद्दाम शिकवायला न बसता. चिंच फोडण्याचे तेच. चिंच मिठात घालून बरणीत जाई आणि मागे उरत चिंचोके. ते दोन फाकांत फोडून फरशीवर घासले की एक बाजू पांढरी, एक काळी. झाले फासे तयार. खेळणे कामाच्या चोथ्यातून निघत होते.

इथवर वाचून कुणाला गहिवर आला असेल तर त्याने जरा थांबावे. ही बेगमी म्हणजे घरातल्या बाईची सुटी नव्हती, उलट तिच्या वर्षातला सर्वांत कष्टाचा महिना होता. पहाटे चारला चुलीवर चीक हटणारी बाई ‘उन्हाळ्याची मजा’ या सदरात बसत नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. लिज्जतचा तो व्यवसाय पुढे हजारो घरांत पोहोचला, तेव्हा या कामाला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पैशाचे मोल आले. पापड विकत आणणे हा बाईच्या दृष्टीने सुटकेचा मार्ग होता आणि तो तिने घेतला यात काही चुकले नाही. एवढेच की, पापड घरातून गेला तेव्हा कावळे हाकलण्याची नोकरीही गेली. त्या जागी काय ठेवायचे हा विचार कुणी केला नाही. करायला वेळही नव्हता. रिकामी जागा आधी दूरचित्रवाणीने भरली, मग मोबाइलने.

पण या दोन पडद्यांत फरक आहे आणि तो नीट पाहण्याजोगा आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढची कित्येक वर्षे कार्यक्रम मोजके आणि वेळ ठरलेली. १९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. पण भाग संपला की रस्ते पुन्हा भरत, कारण पुढचा भाग आठवड्याने. पडदा स्वतःहून संपत असे. मोबाइलवर बोट सरकवत राहावे आणि खाली नवे येतच राहावे ही अखंड पानाची युक्ती २००६ च्या सुमारासची, एझा रास्किन या अमेरिकी रचनाकाराची. आपल्या या शोधाबद्दल त्याने पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केली. ज्या गोष्टीला शेवट नाही तिच्यातून उठण्याचा निर्णय आठ वर्षांच्या मुलाने दर मिनिटाला नव्याने घ्यायचा, अशी आपली अपेक्षा असते. मोठ्यांनाही तो घेता येत नाही, हे रात्रीच्या पनवेल लोकलमध्ये कुठल्याही डब्यात दिसते.

याउलट पत्त्यांचा डाव घ्या. आपल्याकडचे घरगुती डाव घरातल्या माणसांच्या संख्येवर बेतलेले आहेत, ही गंमत सहसा लक्षात येत नाही. दोघेच असतील तर सात-आठ : तीस पाने, प्रत्येकी पंधरा, एकाने सात हात करायचे, दुसऱ्याने आठ. तिघे असतील तर त्याच तीस पानांत पाच-तीन-दोन : प्रत्येकी दहा पाने, पाच, तीन आणि दोन हातांची वाटणी, डावागणिक ती फिरत जाते. चौघे असतील तर मेंढीकोट. आणि वाड्यात सुटीला आलेली दहा-बारा भावंडे असतील तर झब्बू, ज्याला माणसांची मर्यादाच नाही. वाडा गेला, झब्बू गेला. पण आई, बाप आणि एक मूल असे जे आजचे सिडकोतले घर, ते पाच-तीन-दोनसाठीच जणू मोजून बनवले आहे.

या डावात आणखी एक व्यवस्था आहे. ज्याचे हात वाट्यापेक्षा जास्त झाले, तो पुढच्या डावात कमी पडलेल्याचे पान न बघता ओढतो आणि आपल्याकडचे नको असलेले त्याला देतो. म्हणजे एका डावाचे देणे दुसऱ्या डावात वसूल होते. मूल जागचे उठत नाही ते या हिशेबापायी. ओढ मोबाइलइतकीच, पण समोर माणूस असतो. तो चिडतो, चिडवतो, खोटे खेळतो, पकडला जातो. आणि त्याला भूक लागली की डाव मोडतो.

बोलण्याची ही जी घट होते तिचे मोजमापही झाले आहे. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील २२० कुटुंबांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहान मुलांच्या अंगावर ध्वनिमुद्रक लावून घरातले दिवसभराचे आवाज टिपले होते. तीन वर्षांच्या मुलाबाबत, स्क्रीनच्या प्रत्येक वाढीव मिनिटामागे मोठ्यांचे साडेसहाच्या आसपास शब्द त्याच्या कानी कमी पडले आणि त्याचे स्वतःचे बोलणे सुमारे पाच उच्चारांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास अशी मर्यादा सांगितली. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन ते पाच वर्षांसाठी तेवढाच तास धरते. आकडे बरोबर आहेत. मात्र ‘एक तासच’ असे सांगणारा डॉक्टर उरलेले तास कोणाच्या नावावर टाकायचे ते सांगत नाही. ते त्याचे कामही नाही.

ते काम एका गावाने अंगावर घेतले. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव, वस्ती सुमारे तीन हजार. टाळेबंदीत ऑनलाइन शाळेसाठी हाती आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून सुटेना. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी विषय मांडला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठरवले : संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, सगळ्या घरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद होतील, साडेआठला दुसरा भोंगा वाजला की सुरू. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक सुरुवातीला घरोघरी फिरले. दंडाची सक्ती नाही.

बातम्यांत कौतुक झाले ते भोंग्याचे. मला दुसऱ्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, बंदी मुलांवर नव्हती, घरावर होती. गावातल्या बायकांची सभा झाली, त्यांनी आपणही मालिकांत गुंततो हे मान्य केले आणि संध्याकाळच्या मालिकांवर पाणी सोडले. पुरुषांनी आधी हसण्यावारी नेले, मग तेही आले. दुसरी, मर्यादा दीड तासाची होती आणि तिला शेवट होता. जपानमध्ये या दोन्ही मुद्द्यांची तुलना करता येते. कागावा प्रांताने २०२० मध्ये अठराखालील मुलांसाठी संगणकीय खेळांचा वेळ शाळेच्या दिवशी साठ आणि सुटीच्या दिवशी नव्वद मिनिटे असा नियम केला, तो मुलांपुरता. टोयोआके शहराने २०२५ मध्ये काम आणि अभ्यास सोडून दिवसाला दोन तास अशी शिफारस केली, ती सर्व वयांच्या रहिवाशांसाठी. दंड दोन्हीकडे नाही. वडगावची जातकुळी दुसऱ्या प्रकारची, फक्त ते तीन वर्षे आधी आणि भोंग्यासकट.

वडगाव जसेच्या तसे पनवेलला आणता येणार नाही. संध्याकाळी सात वाजता इथले बाप आणि बऱ्याचशा आया मानखुर्द ते वाशीच्या मधे खाडीवर असतात. शिवाय पनवेलची अडचण दुपारची आहे आणि तिच्यावर उपाय म्हणून ‘घरी असणाऱ्याने मुलांना गुंतवावे’ असे म्हटले की घरी असणारी म्हणजे आई किंवा आजी, हे वेगळे सांगावे लागत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातले बिनमोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८. आणि ही ८८ मिनिटे जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच सरासरी आहे. जे करतच नाहीत ते यात नाहीत. मुलाच्या हातातून मोबाइल काढून घेतला की त्याने सांभाळलेले चार तास या २८९ मध्ये जाऊन बसतात. भात उतू जात असताना मुलाला मोबाइल देणारी बाई बेजबाबदार नसते. तिला सांभाळायला दुसरे कुणी नसते.

म्हणून हिशेब दुसरीकडून मांडावा लागतो. सिडकोच्या इमारतींत गच्ची असते आणि तिला कुलूप असते, किल्ली सचिवांकडे. खालच्या आवारात ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ ही पाटी आणि गाड्या. पावसाळ्यापूर्वीचा महिना सव्वा महिना, सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात ती गच्ची उघडी राहिली, आळीपाळीने एका घरचा माणूस तिथे थांबला, तर एकेका घरावर बोजा महिन्यातून दोन-तीन दिवसांचा येतो. त्या दिवशीचा माणूस बाप असायला हरकत नाही. रविवारी कुणाच्या तरी घरच्या मिरच्या, कुणाच्या चिकवड्या तिथे वाळतील तर कावळेही येतीलच. ते पनवेलमधून अजून गेलेले नाहीत.

दुपारचे काय? दुपारी आजी आणि नातू असे दोघेच असतील तर सात-आठ. आजीला मालिका आवडते, नातवाला मोबाइल. दोघांनी एक तास एकदम सोडला तर तक्रारीला जागा राहत नाही. पाच-तीन-दोन मात्र रात्री साडेआठनंतरच जमेल, कारण तिसरा भिडू तेव्हा घरी येतो. तो दमलेला असतो, त्याच्या खिशात मोबाइल असतो आणि तो जेवणाआधी ‘जरा बघतो’. तीस पाने वाटून झालेली असतात. सत्त्या दोनच घ्यायच्या, इस्पिकची आणि बदामची. बाकीच्या दोन आधी बाजूला काढायच्या, हे मुलाला ठाऊक असते.