कांद्याची मागणी आणि भाव

भाव वाढला की मागणी घटते, हा अर्थशास्त्राचा परिचित नियम कांदा अर्धाच पाळतो. १९९८ साली त्याचे भाव गगनाला भिडले, तरी फोडणीतून तो हद्दपार झाला नाही. किलोऐवजी पाऊण किलो आला असेल, इतकेच. भावामुळे झालेली ही घट म्हणजे मागणीचा संकोच. चातुर्मासात अनेक घरी कांदा वर्ज्य असतो. तेव्हा भाव तोच असूनही खरेदी थांबते, तो मागणीचा ऱ्हास.

भावाला अल्प प्रतिसाद देणारी ही अलवचीक मागणी शेतकऱ्याला जाचक ठरते. पीक दुप्पट आले म्हणून कोणी दुप्पट कांदा खात नाही. भाव इतका कोसळतो की, अधिक माल विकूनही हाती कमी रक्कम पडते. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. त्यामुळे आवक विभागता येते. अर्थात, चाळ बांधण्याची ऐपत असेल तर!