तिवराला मागे सरायला जागा हवी

रे रोडहून पनवेलची गाडी धरली की कॉटन ग्रीननंतर शिवडी. तिथल्या जेट्टीजवळच्या चिखलात उभं असलेलं तिवर जरा निरखून पाहा. पानांवर चकाकतंय ते मीठ. मुळांना चुकवून आत शिरलेला खार हे झाड पानांवाटे चक्क बाहेर टाकतं! बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीएवढ्या मुळ्या सरळ वर आलेल्या दिसतील. चिखलात हवा नाही, म्हणून हे झाड मुळ्या वर काढून श्वास घेतं. त्याचं बी तर झाडावर असतानाच फळात रुजायला लागतं.

हेच तिवर, ‘अविसेनिया मरिना’, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत आढळतं. तिथे कार्पेंटारियाच्या आखातात २०१५-१६ मध्ये सुमारे हजार किलोमीटर किनाऱ्यावरचं ७,४०० हेक्टर कांदळवन काही महिन्यांत वाळून गेलं. त्यात तिवरच जास्त होतं. कुणी कुऱ्हाड चालवली नव्हती. एल निनोमुळे समुद्राची पातळी तात्पुरती उतरली, भरतीचं पाणी मुळांपर्यंत पोचेना, वर उष्मा आणि अवर्षण. अमेरिकेतल्या फ्लोरिडात नेमकं उलट घडलं. कडाक्याची थंडी कमी झाली, तशी कांदळवनं उत्तरेकडे पसरली आणि तिथल्या खाजणातल्या गवताची जागा त्यांनी घेतली. हवामान बदललं की वनस्पतींचा नकाशा असा नव्याने आखला जातो.

मुंबईपुढचा प्रश्न चढत्या समुद्राचा आहे. तिवर सहजासहजी बुडत नाही. मुळ्यांत गाळ अडवून ते पायाखालची जमीनच उंचावत नेतं! पण या करामतीला मर्यादा आहे. हजारो वर्षांपूर्वीचा गाळ अभ्यासून शास्त्रज्ञ सांगतात, की पाणी वर्षाला ६ मिलिमीटरहून जास्त वेगाने चढू लागलं तर कांदळवनं बहुधा तग धरणार नाहीत. २००६ ते २०१८ या काळात जगाची सरासरी ३.७ मिलिमीटर होती.

हा वेग त्या मर्यादेपलीकडे गेला, तर उरतो एकच मार्ग: पिढीगणिक जमिनीकडे सरकण्याचा. पण रे रोड ते शिवडी या पट्ट्यात मागे काय आहे? गोदामं, रूळ आणि भिंती.

राज्यातल्या कांदळवनांच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कडक बंदी घातली. उभी झाडं वाचवणं हे मात्र निम्मंच काम. या पट्ट्यातल्या बंदराच्या जुन्या जमिनींचे नवे आराखडे होतील, तेव्हा इमारतींआधी तिवरासाठी मागची जागा राखून ठेवा, असा आग्रह मुंबईकरांनी आत्ताच धरायला हवा.